पिल्लूघरातील गॅसची ऊब : आरंभ आणि जुळणी

कोंबडीपालन हा आता परसातला जोडधंदा राहिलेला नाही. पुणे शहराच्या अवतीभोवती, विशेषतः येरवड्यापासून नगर रस्त्याने पूर्वेस गेले असता, शेतीबरोबर हजार-दोन हजार पक्षी सांभाळणारे शेतकरी भेटतात. एकदिवसीय पिल्ले आणून ती वाढविणे, हा या धंद्याचा पाया होय. पिल्लास आई नसते. म्हणून आईची ऊब कृत्रिम दाईने, म्हणजेच ब्रूडरने, द्यावी लागते. पूर्वी हे काम कोळशाच्या शेगडीने व कंदिलाने होई, पुढे विजेचे दिवे आले, आणि आता अनेक ठिकाणी गॅसवर चालणाऱ्या व आपली आच आपणच कमी-जास्त करणाऱ्या शेगड्या बसविल्या जात आहेत. ही साधने उत्तम आहेत. परंतु ती प्रथम सुरू करताना व जुळविताना जी काळजी घ्यावयास हवी, तिजकडे दुर्लक्ष झाल्यास चांगले साधनही नुकसानीस कारण होते. प्रस्तुत लेखात त्याच कामाची माहिती क्रमवार दिली आहे.

एका रात्रीचा अनुभव

येरवड्याच्या पलीकडील एका मळ्यावर गेल्या पौषात घडलेली गोष्ट येथे सांगणे उपयुक्त ठरेल. मळ्याच्या मालकाने बाराशे पिल्ले आणली. घर नवे, तूस कोरडे, तीन गॅस शेगड्या नव्या कोऱ्या. बसविणाऱ्या माणसाने दुपारी दोन वाजता एक शेगडी पेटवून दाखविली, ज्योत निळी आली, नियंत्रकाची चकती फिरविताच आच वाढली व उतरली. सर्वांचे समाधान झाले. रात्री थंडी पडली. तिन्ही शेगड्या पूर्ण आचेवर आल्या, पण त्या तिघींना पुरेसा दाब एका सिलिंडरातून मिळेना. पहाटे ज्योती खाली बसल्या. पिल्ले उबेच्या शोधात एकावर एक चढली, आणि सकाळी मालकास ढिगाखाली गुदमरून मेलेली शंभराहून अधिक पिल्ले उचलावी लागली.

मी दुसऱ्या दिवशी तेथे गेलो, तेव्हा यंत्रात काहीही बिघाड आढळला नाही. दोष होता तो जुळणीचा. ज्या स्थितीत शेगडीस काम करावयाचे होते, म्हणजे थंड रात्री तिन्ही एकदम, त्या स्थितीत तिची परीक्षा झालीच नव्हती. या लेखातील सर्व सूचनांचे सार या एका गोष्टीत आहे : पिल्ले येण्यापूर्वी, सर्व शेगड्या एकदम पेटवून, पूर्ण आच व किमान आच अशी दोन्ही टोके जुळवावीत आणि ती थंड वेळी पुन्हा पाहावीत.

कमी-जास्त होणारी आच म्हणजे काय?

साध्या तापनियंत्रकाची शेगडी एक तर पूर्ण पेटते, नाही तर विझते. घर गार झाले की भडकते, ठरावीक अंशापर्यंत तापले की बंद पडते. त्यामुळे पिल्लांना एकदा उकडते व एकदा गारठा लागतो. आच कमी-जास्त करणाऱ्या शेगडीत तसे नसते. वाफ्याला पाणी देताना आपण दारे कधी पुरते उघडतो, तर कधी मातीचा ढेकूळ टाकून अरुंद करतो. पाणी वाहतच राहते, पण गरजेइतकेच. त्याचप्रमाणे या शेगडीतील झडप गॅसची वाट रुंद किंवा अरुंद करते. घर ठरावीक तापमानाच्या जवळ येऊ लागले की झडप हळूहळू मिटते आणि ज्योत लहान होते. घर गार होऊ लागले की ती उघडते.

ही झडप दोन प्रकारांनी चालते. एका प्रकारात धातूच्या लहान फुग्यात द्रव भरलेला असतो. तो तापून प्रसरण पावतो आणि बारीक नळीतून झडपेस दाबतो. यास वीज लागत नाही. दुसऱ्या प्रकारात विजेवर चालणारी नियंत्रण-पेटी असून ती झडपेस आज्ञा देते. आपल्या शेगडीचा प्रकार कोणता, हे मालकाने प्रथम माहीत करून घ्यावे. कारण वीज गेली असता पहिल्या प्रकारची शेगडी तशीच चालत राहते, तर दुसऱ्या प्रकारची बहुधा बंद पडते. दुसरा प्रकार असल्यास वीज मुद्दाम बंद करून व पुन्हा सुरू करून शेगडी काय करते, ते पिल्ले येण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

गॅस कोणता, ते आधी ठरवावे

आपल्याकडे तीन प्रकारचे गॅस वापरात आहेत. सिलिंडरातील द्रवरूप पेट्रोलियम वायू सर्वांच्या परिचयाचा आहे. पुणे शहरात महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड या कंपनीमार्फत नळाने नैसर्गिक वायू मिळतो. आणि मळ्यावर जनावरे असल्यास गोबर गॅस असतो. या तिघांचा उष्मांक अगदी भिन्न आहे. एक किलो सिलिंडर गॅस जळाला असता सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता मिळते, तर एक घनमीटर गोबर गॅसपासून सुमारे ५,००० किलोकॅलरी. म्हणजे एक घनमीटर गोबर गॅस हा अर्ध्या किलोहूनही कमी सिलिंडर गॅसच्या बरोबरीचा होय.

सबब शेगडीतील गॅस सुटण्याचे छिद्र, म्हणजे जेट, प्रत्येक गॅसकरिता वेगळ्या मापाचे असते. सिलिंडर गॅसची शेगडी तशीच गोबर गॅसला जोडली तर ज्योत मरतुकडी येते. उलट केल्यास ती भडकते व काजळी धरते. छिद्र खिळ्याने किंवा तारेने मोठे करण्याचा मोह कदापि होऊ देऊ नये. शेगडीच्या पाटीवर गॅसचा प्रकार, दाब व गॅसचा खप लिहिलेला असतो. तो वाचून वहीत उतरवून घ्यावा. पाटी नसलेली शेगडी विकत घेऊ नये. तसेच घरगुती वापराचे १४.२ किलोचे सिलिंडर अशा धंद्याकरिता वापरणे नियमबाह्य आहे. व्यापारी वापराचे १९ किलोचे सिलिंडर घ्यावे.

सिलिंडरांची मांडणी

सिलिंडर गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागी साचतो. याकरिता सिलिंडरे पिल्लूघराबाहेर, उघड्यावर, सावलीत, पक्क्या व उंच ओट्यावर उभी ठेवावीत. खड्ड्यात, तळघरात किंवा गटाराजवळ ती ठेवू नयेत. आडवे ठेवलेले सिलिंडर विशेष धोक्याचे, कारण त्यातून वायूऐवजी द्रव बाहेर पडून नियंत्रकात शिरतो.

आता थंडीचा मुद्दा पाहू. सिलिंडरात गॅस द्रवरूपाने असतो व वापरताना त्याची वाफ होते. वाफ होण्यास लागणारी उष्णता तो सिलिंडरापासून व भोवतालच्या हवेपासून घेतो. म्हणून गॅस जोराने काढला की सिलिंडर गार पडते, त्यावर दव व प्रसंगी बर्फ दिसू लागते, आणि आतील दाब उतरतो. पुण्याची थंडी सौम्य समजली जाते; तथापि १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्याचे तापमान १.७ अंश सेंटिग्रेडपर्यंत खाली गेले होते, हे विसरू नये. सिलिंडर गॅसमधील ब्युटेन हा घटक शून्य अंशाच्या आसपास वाफ होणे जवळजवळ थांबवितो. म्हणूनच दुपारी उत्तम चालणारी शेगडी पहाटे बसते.

हिशेबाकरिता एक उदाहरण घेऊ. एक शेगडी पूर्ण आचेवर ताशी ४०० ग्रॅम गॅस जाळते असे धरले, तर तीन शेगड्या ताशी १ किलो २०० ग्रॅम जाळतील. इतका गॅस थंड रात्री सतत एकाच सिलिंडरातून मागणे योग्य नव्हे. दोन किंवा तीन सिलिंडरे एका सामाईक नळीस जोडली म्हणजे प्रत्येकावरील ओढ कमी होते व दाब टिकतो. शिवाय तितकीच भरलेली सिलिंडरे राखीव असावीत. गार पडलेले सिलिंडर तापविण्यासाठी त्याखाली जाळ करणे किंवा त्यावर उकळते पाणी ओतणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण देणे होय.

पेटविण्यापूर्वीची तपासणी

पिल्ले येण्याच्या निदान तीन दिवस आधी पुढील गोष्टी कराव्यात.

१) शेगडी साखळीने छतास टांगावी. रबरी नळीवर तिचा भार पडता कामा नये. शेगडी व तूस यांतील अंतर उत्पादकाने सांगितले असेल त्यापेक्षा कमी ठेवू नये; तूस पेट घेण्याचा धोका असतो.

२) जेट व हवा आत घेण्याची भोके स्वच्छ करावीत. पिल्लूघरातील धूळ व पिसांचा भुगा तेथे साचतो, आणि बंद ठेवलेल्या शेगडीच्या नळीत कोळी जाळे विणतो. बाहेरून न दिसणाऱ्या या जाळ्यामुळे ज्योत पिवळी पडते.

३) नळ्या भारतीय मानकाच्या खुणेच्या असाव्यात. चिरा पडलेली नळी टाकून द्यावी. तिला चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेऊ नये.

४) सर्व शेगड्यांच्या तोट्या बंद करून सिलिंडर उघडावे व प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले तर तेथे गळती आहे. काडी ओढून गळती शोधणे हा गुन्हाच समजावा.

५) नंतर सिलिंडर बंद करून नळीवरील दाबमापकाचा काटा दहा मिनिटे पाहावा. काटा खाली येत असेल तर फेसाने न सापडलेली गळती कोठेतरी आहे. ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

शेगडी पेटविणे

नवीन नळीत प्रथम हवा असते. ती निघून जाऊन गॅस येण्यास वेळ लागतो, म्हणून पहिल्या काडीस ज्योत न लागल्यास घाबरू नये. दारे-पडदे उघडे ठेवावेत. सर्वांत जवळच्या शेगडीपासून आरंभ करून एकेक शेगडीची मार्गदर्शक लहान ज्योत पेटवावी. ही ज्योत पेटल्यावर सुरक्षेची कळ सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावी लागते. तेथे असलेला धातूचा संवेदक तापला म्हणजे तो झडप उघडी धरतो. ज्योत विझली की तो थंड होतो व गॅस आपोआप बंद होतो. ही योजना चालते की नाही, हे ज्योत मुद्दाम विझवून पाहावे. थोड्या वेळात झडप बंद झाल्याचा ‘टक्’ असा आवाज ऐकू आला पाहिजे. कित्येक जण सारखी कळ दाबावी लागू नये म्हणून तिला काडी अडकवून ठेवतात. असे करणे म्हणजे घराचे कुलूप काढून चोरास बोलावणे होय.

ज्योत विझली तर लगेच पुन्हा काडी लावू नये. तोटी बंद करून पाच मिनिटे थांबावे, साचलेला गॅस निघून जाऊ द्यावा, मग पेटवावे.

दाब मोजणे आणि पूर्ण आच जुळविणे

जुळणीचे खरे काम येथून सुरू होते. ते अंदाजाने करू नये. दाब मोजूनच करावे. कमी दाबाच्या शेगडीकरिता याचे साधन अगदी स्वस्त आहे. सुमारे दीड मीटर पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून पट्टीवर बसवावी व तीत अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरावे. एक टोक शेगडीजवळील मोजणीच्या तोंडास जोडावे, दुसरे उघडे ठेवावे. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतील फरक म्हणजे पाण्याच्या स्तंभात मोजलेला दाब. घरगुती शेगडीच्या नियंत्रकाचा दाब असा सुमारे ३०० मिलिमीटर भरतो. जास्त दाबाच्या शेगडीस मात्र ही नळी लावू नये. पाणी उडून जाईल. तेथे काट्याचा दाबमापकच पाहिजे.

प्रथम सर्व तापनियंत्रक वरच्या अंशावर नेऊन सर्व शेगड्या पूर्ण आचेवर आणाव्यात. नंतर सिलिंडरापासून सर्वांत दूर असलेल्या शेगडीजवळ दाब मोजावा. तेथे पाटीवर लिहिलेला दाब मिळेपर्यंत मुख्य नियंत्रकाचा स्क्रू सावकाश फिरवावा. आता जवळच्या शेगडीजवळ मोजावे. दोहोंत मोठी तफावत असल्यास नळी अरुंद आहे किंवा तिची लांबी प्रमाणाबाहेर आहे, असे समजावे. अशा वेळी दाब वाढवून वेळ भागवू नये, नळी बदलावी. कारण वाढविलेल्या दाबाने जवळची शेगडी भडकते आणि दूरची तरीही उपाशी राहते.

यानंतर एक सोडून बाकी सर्व शेगड्या बंद करून पुन्हा दाब पाहावा. चांगल्या नियंत्रकात तो थोडासाच चढतो. पुष्कळ चढत असल्यास नियंत्रक लहान आहे किंवा खराब झाला आहे.

आता ज्योतीकडे पाहावे. निळी, शांत व जाळीलगत असलेली ज्योत उत्तम. पिवळी व लांब ज्योत म्हणजे हवा कमी. हवेची झडप थोडी उघडावी. ज्योत जाळीपासून उचलून फरफरत असेल तर हवा अथवा दाब जास्त आहे. चिनीमातीच्या फरशीची शेगडी असल्यास फरशी सर्वत्र सारखी नारिंगी दिसली पाहिजे. काळे डाग म्हणजे बुजलेली भोके. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने समुद्रकाठी जुळविलेल्या शेगडीस येथे हवा किंचित कमी पडते. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी हवा सुमारे सातव्या हिश्श्याने विरळ असते. म्हणून दुसऱ्या गावाहून आणलेली जुळणी येथे पुन्हा तपासावी.

किमान आच जुळविणे

बहुतेक ठिकाणी पूर्ण आच कोणीतरी जुळवितो, परंतु किमान आचेकडे कोणी पाहत नाही. वास्तविक दुपारच्या उन्हात व पिल्ले मोठी झाल्यावर शेगडी अधिक वेळ किमान आचेवरच असते. तापनियंत्रक खाली आणून झडप मिटू द्यावी व ज्योत अगदी लहान झाली म्हणजे पाहावे. ती सर्व भोकांवर पेटलेली राहिली पाहिजे. एका बाजूस विझलेली, दुसऱ्या बाजूस जळणारी ज्योत चालणार नाही, कारण विझलेल्या भागातून न जळलेला गॅस घरात येतो. पिल्लूघराचे दार एकदम उघडून मिटावे. वाऱ्याच्या झुळुकीने ज्योत विझता कामा नये. विझत असल्यास किमान आचेचा स्क्रू थोडा उघडावा.

उलट, किमान आच फार मोठी ठेवली तर दुपारी घर तापत राहील व नियंत्रकास काही करता येणार नाही. वरील उदाहरणातील शेगडी पूर्ण आचेवर एक सिलिंडर सुमारे दोन दिवसांत संपवील, तर चौथ्या हिश्श्याच्या आचेवर तेच सिलिंडर आठ दिवसांजवळ पुरेल. गॅसची खरी बचत येथे होते.

किमान आच बदलल्यावर पूर्ण आच पुन्हा मोजावी, कारण एक टोक हलविले की दुसरेही थोडे हलते. दोन्ही टोके स्थिर झाली की स्क्रूवर रंगाची खूण करावी आणि मोजलेले आकडे वहीत लिहावेत.

तापनियंत्रकाची जागा

तापनियंत्रकाचा संवेदक पिल्लाच्या उंचीवर असावा. माणसाच्या छातीइतक्या उंचीवर टांगलेला संवेदक माणसाची ऊब मोजतो, पिल्लाची नव्हे. तो शेगडीच्या थेट आचेत, पाण्याच्या भांड्याजवळ किंवा दाराच्या वाऱ्यात नसावा. पडताळ्याकरिता साधा तापमापक शेगडीच्या छत्रीच्या कडेजवळ, तुसापासून दोन इंच उंच लावावा. नियंत्रक व तापमापक यांत फरक पडल्यास तापमापक प्रमाण मानावा.

चकती एका वेळी एकाच अंशाने फिरवावी आणि अर्धा तास थांबावे. घर, तूस व जमीन तापण्यास वेळ लागतो. जो दर पाच मिनिटांनी चकती फिरवितो, त्याचे घर कधीही स्थिर होत नाही. दोन-तीन माणसे आळीपाळीने पहारा करीत असतील, तर चकतीस हात लावण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा.

पिल्लांचे मत

पिल्ले येण्यापूर्वी २४ तास शेगड्या चालू ठेवून घर तापवावे. केवळ हवा तापून भागत नाही. तुसाचीही ऊब २८ ते ३० अंश सेंटिग्रेड झाली पाहिजे. पहिल्या आठवड्यात छत्रीच्या कडेजवळ ९५ अंश फॅरनहाइट (३५ अंश सेंटिग्रेड) तापमान ठेवण्याचा प्रघात आहे. पुढे दर आठवड्यास ५ अंश फॅरनहाइटने उतरवीत दुसऱ्या आठवड्यात ९०, तिसऱ्यात ८५, चौथ्यात ८० व पाचव्यात ७५ अंश असा क्रम धरावा.

हे आकडे मार्गदर्शक आहेत. अखेरचा निर्णय पिल्लांचा. पिल्ले शेगडीखाली गोळा होऊन मोठ्याने चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. कडेला जाऊन चोच उघडून, पंख सैल सोडून धापा टाकीत असतील तर उकडते आहे. सर्व एकाच बाजूस गेली असतील तर समोरच्या बाजूने वाऱ्याचा झोत येत आहे. सर्वत्र सारखी पसरून दाणा टिपीत, पाणी पीत किंवा निवांत झोपली असतील तर जुळणी बरोबर आहे. एखादे पिल्लू उचलून त्याचे पाय आपल्या गालास लावावेत. गार लागले तर तूस गार आहे. पिल्ले आल्यानंतर दुसऱ्या दिवशी पोटोबाची, म्हणजे गळ्याखालील पिशवीची, तपासणी करावी. जवळजवळ सर्व पिल्लांची पिशवी भरलेली व मऊ लागली पाहिजे. थंडीने आखडलेले पिल्लू दाण्यापर्यंत जातच नाही.

ऊब हवी, तशी हवाही हवी

गॅस वाचावा म्हणून थंडीत सर्व पडदे घट्ट मिटण्याची चाल पुष्कळ ठिकाणी दिसते. ती अत्यंत घातक आहे. एक किलो सिलिंडर गॅस जळण्यास सुमारे १२ ते १३ घनमीटर हवा लागते, आणि जळून त्यापासून सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड व दीड किलोहून अधिक पाणी तयार होते. म्हणजे १९ किलोचे एक सिलिंडर जळाले की सुमारे ३० लिटर पाणी वाफेच्या रूपाने त्या घरात मिसळते. धूर काढून नेणारे नळकांडे नसलेल्या शेगडीत ते सारे आतच राहते. तूस ओले होते, त्यातून अमोनिया सुटतो, पिल्लांचे डोळे चुरचुरतात व पुढे श्वसनाचे रोग येतात.

त्याहून भयंकर म्हणजे हवा कमी पडल्यास तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड. त्यास रंग नाही, वास नाही. सिलिंडर गॅसला ओळखीचा वास दिलेला असतो. या वायूला तसा कोणताही वास नसतो. पिल्ले सुस्त होऊन निजल्यासारखी मरतात, आणि रात्री राखण करणाऱ्या माणसाच्या जिवासही धोका असतो. पिल्लूघरात गेल्यावर डोके दुखू लागले किंवा मळमळले तर ताबडतोब बाहेर यावे, पडदे उघडावेत व शेगड्या बंद कराव्यात. रात्री कोणीही शेगडी असलेल्या बंद घरात झोपू नये.

याकरिता पडद्याचा वरचा भाग नेहमी थोडा उघडा ठेवावा. वारा पिल्लांच्या अंगावर येऊ नये, पण ओलसर व दूषित हवा वरून निघून जावी. पडदा उघडल्याने गॅस थोडा अधिक जळेल हे खरे. परंतु तो खर्च गॅसचा नसून जिवंत पिल्लांचा विमा आहे, असे समजावे.

रोजची नोंद

प्रत्येक पिल्लूघरात एक वही टांगलेली असावी. तीत सकाळी सहा, दुपारी दोन व पहाटे तीन या वेळांचे तापमान, दाब, ज्योतीचा रंग आणि मेलेल्या पिल्लांची संख्या लिहावी. पहाटे तीनची नोंद सर्वांत महत्त्वाची, कारण त्या सुमारास घर गार, सिलिंडर गार आणि राखणदार झोपेला आलेला असतो. दाब रोज पहाटे थोडाथोडा उतरत असल्याचे वहीवरून दिसले, तर सिलिंडर वाढविण्याची किंवा बदलण्याची सूचना आयतीच मिळते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील गॅस शेगड्या वापरणाऱ्या शेतकऱ्यांची यादी करून थंडीपूर्वी प्रत्येकाच्या पिल्लूघरास भेट द्यावी. बरोबर साबणाचे पाणी, पाण्याची दाबनळी व तापमापक एवढे साहित्य पुरेसे आहे. पिल्लांच्या आजाराबाबत पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांचा, आणि शेगडीच्या दुरुस्तीबाबत ती पुरविणाऱ्याच्या प्रशिक्षित कारागिराचा सल्ला घ्यावा.

वर सांगितलेल्या मळ्यावर पुढच्या खेपेस पिल्ले येण्याच्या आदल्या रात्री मालक व मी दाबनळी घेऊन बसलो. तीन सिलिंडरे एका नळीस जोडली होती. तिन्ही शेगड्या पूर्ण आचेवर ठेवून पहाटे तीन वाजता दूरच्या शेगडीजवळ दाब मोजला. पाण्याची पातळी रात्री दहा वाजता खूण केली होती तेथेच उभी होती. दुसऱ्या दिवशी पिल्ले आली व तुसावर सारखी पसरली. मालकाने त्या रात्रीचे तिन्ही आकडे खडूने भिंतीवर लिहून ठेवले आहेत. प्रत्येक खेपेस, पिल्लांची पेटी उघडण्यापूर्वी, तो ते आकडे पुन्हा मोजून पाहतो. प्रत्येक कुक्कुटपालकाने हीच सवय लावून घ्यावी.